खताच्या गोणीमागचा इतिहास



सकाळी गोठा झाडताना नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनिया वायूचा. एटापल्लीच्या धानाच्या बांधीत तुम्ही टाकता तो युरियादेखील कारखान्यात याच अमोनियापासून बनतो. गोठ्यात तो जरासा, कारखान्यात मात्र टनांनी. धोका आहे तो या साठ्यात.

हवेतला नत्र आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया करण्याची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधली. 1913 साली ओप्पाऊ इथं कारखाना निघाला. तिथं नायट्रेट खताचा ढीग दगडासारखा घट्ट बसे, म्हणून तो सुरुंग लावून फोडीत. हजारो वेळा काही झालं नाही. 21 सप्टेंबर 1921 रोजी मात्र खतच उडालं. पाचशेहून अधिक माणसं गेली. ‘आजवर काही झालं नाही’ ही काही हमी नव्हे!

1977 साली इंग्लंडात ट्रेव्हर क्लेट्झ या अभियंत्यानं साधी गोष्ट मांडली: धोक्याला कुंपण घालण्याआधी धोकाच कमी करा. विषारी मालाचा साठा थोडा ठेवा, जमेल तिथं सौम्य माल वापरा, यंत्रणा सोपी ठेवा. 1984 साली भोपाळला कीटकनाशकाच्या कारखान्यात साठवलेला विषारी वायू सुटला, तेव्हा या म्हणण्याची किंमत जगाला कळली.

आता कमी धुराच्या अमोनियाची चर्चा आहे. वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायचा. आपल्याकडे ही रीत नवी नाही. पंजाबात नांगलला 1961 पासून भाक्रा धरणाच्या विजेवर असंच खत बनत होतं. पुढं तेल आणि वायूवरचे कारखाने वाढले. आपल्या अलिबागजवळचा थळचा कारखाना वायूवरचाच. 2023 साली केंद्र सरकारनं हरित हायड्रोजन मोहीम हाती घेतली.

पण ध्यानात घ्या, धूर कमी झाला म्हणून अमोनियाचं विष कमी होत नाही. म्हणून विचारायचं ते हे: साठा किती? वस्ती किती लांब? अमोनियाचं खत तिथल्या तिथं होतं का?

हाच नियम घरीही पाळा. लागेल तेवढाच युरिया आणा. गोणी कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवा. जनावरांच्या पाण्यात वा चाऱ्यात युरिया पडू देऊ नका, त्यानं जनावर दगावतं. इतकी वर्षं काही झालं नसलं, तरीसुद्धा!