रक्तवाहिन्या, मानवी

हृदयातून निघालेले रक्त शरीरभर पोचवून पुन्हा हृदयाकडे आणणाऱ्या नलिकाकार अवयवांचे जाळे. रोहिण्या (धमन्या), केशवाहिन्या आणि नीला (शिरा) असे त्यांचे तीन मुख्य प्रकार मानतात. रोहिणीत शुद्ध आणि नीलेत अशुद्ध रक्त असते, हा शालेय भेद फुप्फुसांपाशी उलटा पडतो. फुप्फुस-रोहिणीतले रक्त ऑक्सिजनन्यून, तर फुप्फुस-नीलांतले ऑक्सिजनयुक्त असते. म्हणून रक्त हृदयापासून दूर नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे आणणारी ती नीला, अशी दिशेवर आधारलेली व्याख्या ग्राह्य धरतात. आतड्यांकडून यकृतात जाणारी नीला मात्र याही व्याख्येत नीट बसत नाही.

रचना : रोहिणी व नीला या दोहोंच्या भित्तीत तीन थर असतात. आत चपट्या पेशींचे एकपदरी अस्तर, मध्ये अनैच्छिक स्नायू व लवचिक तंतू आणि बाहेर संयोजी ऊतक. महारोहिणीचा व्यास सुमारे २.५ सेंमी. असून तिच्यात लवचिक तंतूंचे प्राबल्य असते. हृदय आकुंचन पावते तेव्हा ती ताणली जाते आणि ते शिथिल होताच पूर्ववत होऊन रक्त पुढे ढकलते, त्यामुळे प्रवाह खंडित होत नाही. शाखा बारीक होत जातात तसा स्नायूंचा वाटा वाढतो. शेवटच्या रोहिणिकांची भित्ती मुख्यतः स्नायूंचीच असते. केशवाहिनीत स्नायू नसतात. तिचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर असल्याने ७-८ मायक्रोमीटरच्या तांबड्या पेशीला पुष्कळदा दुमडूनच पुढे सरकावे लागते. नीलांची भित्ती पातळ व पोकळी रुंद असते. विश्रांतीच्या वेळी शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त त्यांत असते.

कार्य : हृदय म्हणजे पंप आणि वाहिन्या म्हणजे नळ, ही कल्पना रूढ होण्यास विल्यम हार्वी यांच्या १६२८ मधील ग्रंथाचे यश बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. दंडाला पट्टी बांधून फुगलेली नीला त्यांनी एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त हृदयाच्या दिशेने नीलेतल्या पुढच्या झडपेपलीकडे सारले. दाबलेले बोट उचलेपर्यंत मधला भाग रिकामाच राहिला. रक्त एकाच दिशेने वाहते, हे यावरून सिद्ध झाले. रोहिण्या व नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. प्रवाहाची दिशा ठरली, तरी कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचे हे कोण ठरवते, याचे उत्तर पंपाच्या कल्पनेतून मिळत नाही. पळताना स्नायूंकडे जाणारे रक्त अनेक पटींनी वाढते आणि आतड्यांकडचे घटते. हृदय एकच असल्याने ही वाटणी वाहिन्यांकडेच असली पाहिजे.

यावर आक्षेप असा की, नळांचे भौतिकी इथे चांगलेच लागू पडते. काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून प्वाझय यांनी १८४० च्या दशकात मांडलेला नियम शरीरक्रियाविज्ञानात आजही वापरतात. पण याच नियमानुसार विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळापट होतो. म्हणजे भित्तीतले स्नायू किंचित आवळले, तरी प्रवाहात मोठा फरक पडतो. महारोहिणीत सरासरी १०० मिमी. पारा असलेला दाब केशवाहिन्यांच्या तोंडाशी ३५ च्या आसपास येतो, आणि त्यातली सर्वांत मोठी घट रोहिणिकांत होते. नियम नळाचा असला, तरी नळाची त्रिज्या जिवंत भित्ती ठरवते.

दुसरा आक्षेप असा की, भित्ती केवळ मज्जातंतूंचे व संप्रेरकांचे हुकूम पाळते. फर्चगॉट व झवाड्झ्की यांच्या १९८० मधील प्रयोगाने तो खोडला गेला. सशाच्या महारोहिणीचे तुकडे ॲसिटिलकोलीनने सैल पडत. पण तयारी करताना ज्यांचे आतले अस्तर घासले गेले होते, ते सैल पडत नसत. सैल पडण्याचा निरोप अस्तरच स्नायूला देते, हे यातून उघड झाले. तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे निष्पन्न होऊन फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी याच मार्गाने काम करते. केशवाहिन्यांचे अस्तरही सर्वत्र सारखे नसते. मेंदूत ते घट्ट सांधलेले, मूत्रपिंडात सच्छिद्र, तर यकृतात मोठ्या फटींचे असते. केशवाहिन्यांना बाहेरून बिलगलेल्या पेशी (परिपेशी) आकुंचन पावून प्रवाह कितपत बदलतात, याविषयी मतभेद आहेत.

लांबी : एक लाख किमी. हा प्रचलित आकडा क्रोघ यांच्या जुन्या हिशेबातून आला आहे. त्यात स्नायूंचे वजन ५० किग्रॅ. धरले होते, ते बहुतेकांच्या बाबतीत फार जास्त आहे.

विकार : रोहिणीकाठिण्य, रोहिणीविस्फार, अपस्फीत नीला इत्यादी.

रक्तदाब केवळ हृदयाचा प्रश्न मानणे अपुरे आहे. उच्च रक्तदाबावर सर्रास दिले जाणारे ॲम्लोडिपिन मुख्यतः रोहिणिकांच्या भित्तीतील स्नायूंवर काम करते.