वईतला निवडुंग कॅक्टस नव्हे! चीक डोळ्यात गेला तर काय कराल?

चंदनसार (ता. वसई), वार्ताहर : पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरची वई छाटायची कामं सुरू होतात. गेल्या मे महिन्यात मीही कोयता घेऊन निवडुंग तोडत होतो. चिकाचा एक थेंब उडून डाव्या डोळ्यात गेला. जरा चुरचुरलं, पण काम उरकायचं होतं म्हणून गमछाने पुसलं आणि तसाच लागलो. रात्री डोळा उघडेना, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "तिथल्या तिथे पाण्याने धुतला असता तर एवढं झालं नसतं." पंधरा दिवस वाया गेले.

त्यात आता मोबाईलवर "कॅक्टस खा, शुगर घालवा" असे व्हिडिओ फिरतात. ते बघून कोणी वईतला निवडुंग तोडून आणू नये, म्हणून ही माहिती.

आपल्याकडे निवडुंग म्हणून तीन-चार वेगळी झाडं ओळखली जातात. खांबासारखा उभा वाढणारा, जाड मांसल पानांचा तो थोर, संस्कृतात स्नुही. तीन धारांचा, जवळपास बिनपानी तो तिधारी. पेन्सिलीसारख्या गोल हिरव्या कांड्यांचा तो शेर. हे तिघेही कॅक्टस नाहीत, ते एरंडाच्या कुळातले आहेत. खरा कॅक्टस म्हणजे चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग, ज्याची लाल बोंडं आपण लहानपणी खाल्ली. तो मूळचा अमेरिका खंडातला. एके काळी त्याने एवढी जमीन व्यापली होती की 1926 मध्ये श्रीलंकेतून एक कीड आणून दक्षिण भारतात सोडावी लागली. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात आणि चिरडले की लाल होतात, तीच ही कीड.

खांबासारखे उंच कॅक्टस आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात शोभेला लावतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना भागातला सग्वारो हा त्यातला मोठा, 40 फूट आणि वर जातो, दीडशे वर्षं सहज जगतो. अंगावर पन्हाळीसारख्या उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की पाणी पिऊन तो फुगतो, घड्या उलगडतात, आणि कोरड्यात परत आकसतो. दिवसा उन्हात तोंडं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून कॅक्टस रात्री हवा आत घेतो आणि दिवसा अन्न तयार करतो. सग्वारोची फुलंही रात्री उमलतात, वटवाघळं त्यांचा मध प्यायला येतात. (आपल्या कुंडीतलं रात्री फुलणारं ब्रह्मकमळ हाही कॅक्टसच, हे किती जणांना माहीत आहे?) पाणी साठवायचं आणि गुरांपासून वाचायचं, ही गरज दोन्ही कुळांना सारखीच, म्हणून थोर आणि कॅक्टस दिसायला भाऊभाऊ वाटतात.

ओळख सोपी आहे. कॅक्टसचे काटे मऊ लव असलेल्या छोट्या गादीतून झुबक्याने येतात. थोराचे काटे जोडीने असतात. सर्वात पक्की खूण म्हणजे चीक. लांब काठीला खिळा बांधून ओरखडा काढा. दुधासारखा पांढरा चीक लगेच आला तर तो थोर, तिधारी किंवा शेर. खांबासारख्या कॅक्टसमधून पाण्यासारखा रस येतो.

आता औषधाचं. मेक्सिकोत फड्या निवडुंगाच्या कोवळ्या फड्या भाजी म्हणून खातात. जेवणानंतरची साखर त्याने थोडी कमी चढते असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. पण मधुमेहाच्या गोळीची जागा ती भाजी घेत नाही. पेरूमधल्या सॅन पेड्रो नावाच्या खांबी कॅक्टसमध्ये मेस्कॅलिन हे नशेचं द्रव्य असतं. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात ते येतं.

खरं मोठं औषध आपल्या थोरातच आहे, पण ते घरी करायचं नाही. चरकसंहितेत थोराचा चीक तीव्र जुलाबाच्या औषधांत पहिला मानला आहे, आणि सरकारच्या औषध नियमांतल्या विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीतही स्नुही आहे. भगंदरावरचा क्षारसूत्र उपचार याच चिकावर चालतो. दोऱ्याला चिकाची अकरा पुटं, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराची सात, शेवटी चीक आणि हळदीची तीन, अशी एकवीस पुटं देतात. हा दोरा भगंदराच्या नळीत घालून साधारण दर आठवड्याला बदलतात, नळी हळूहळू कापली जाते आणि मागून भरत येते. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी ही पद्धत पुन्हा प्रचारात आणली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने शस्त्रक्रियेशी तुलना करून 1991 मध्ये निकाल छापले. दोऱ्याने बरं व्हायला जास्त आठवडे लागले, पण वर्षभरात दुखणं उलटायचं प्रमाण 4 टक्के होतं, शस्त्रक्रियेत 11 टक्के. लाजेपोटी हे दुखणं लपवणारे गावात बरेच आहेत. सरकारी आयुर्वेद रुग्णालयात शल्यतंत्र विभागात विचारा.

चीक डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार सोडून निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा, पापणी उलटून धुवा. दूध, मध, तूप काही घालू नका. मेडिकलमधून स्वतःहून थेंब आणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुरुवातीला त्रास कमी वाटतो, काही तासांनी तो वाढतो. अंगावर उडाला तर साबणाने धुवा. छाटताना जुना का होईना, चष्मा लावा, वाऱ्याकडे पाठ करा, आणि तोडलेल्या फांद्या मुलांच्या वाटेत टाकू नका.