बरणी आणि झांकण

माझी एक भाची अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत राहते. तिनें व तिच्या यजमानांनीं गेल्या वर्षीं तेथें एक जुनें घर विकत घेतलें. त्या घराच्या तळघरांत, एका फळीवर, धुळीनें माखलेल्या अकरा कांचेच्या बरण्या तिला सांपडल्या. किंचित् निळसर कांच, जाड बूड, तोंडाशीं मळसूत्री आटे, आणि पोटावर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें : मेसनचें पेटंट, ३० नोव्हेंबर १८५८. तिनें छायाचित्र पाठवून विचारलें, "मामा, या बरण्या खरेंच १८५८ च्या का? आणि परसांतले टोमॅटो यांत भरून ठेवले तर चालतील का?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें हें इतिहासाच्या अध्यापकाचें कामच होय, दुसरा प्रश्न मीं स्वयंपाकघराकडे वळवून मोकळा होणार होतों. परंतु शोध घेऊं लागलों तेव्हां दोन्ही उत्तरें एकाच ठिकाणीं, म्हणजे बरणीच्या कांठावर, सांपडलीं. ती हकीकत येथें देतों.

आपल्याकडे बरणी म्हटली कीं चिनी मातीची बरणी डोळ्यांपुढें उभी राहते. तिच्या तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधलेला असतो. हवा आंत मुळींच जाऊं नये अशी त्या फडक्याकडून कोणाची अपेक्षा नसते. लोणचें टिकतें तें मीठ, तेल व कैरीचा आंबटपणा यांच्या जोरावर. मुरंबा टिकतो साखरेच्या जोरावर. जिन्नसच असा करावयाचा कीं त्यांत जंतूंना थारा मिळूं नये, हें आपल्या आजीबाईंचें शास्त्र. युरोपांतहि शेंकडों वर्षें खारवणें, वाळवणें, धुरी देणें, सिरक्यांत मुरविणें हेच मार्ग होते. पण ताजा वाटाणा सहा महिन्यांनीं ताज्या वाटाण्यासारखाच लागावा, ही हौस या मार्गांनीं पुरी होत नाहीं. ती पुरी केली पॅरिसच्या एका हलवायानें.

निकोला आपेर (१७४९–१८४१) हा शांपेन प्रांतांतील शालों गांवच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. त्या प्रांताच्या फसफसणाऱ्या मद्यासाठीं लागणाऱ्या जाड बाटल्या त्याच्या परिचयाच्या होत्या. त्यानें रुंद तोंडाच्या अशा बाटल्यांत भाजी, फळें, मांस, दूध भरावें, बूच घट्ट ठोकून तारेनें बांधावें, आणि बाटल्या उकळत्या पाण्याच्या कढईंत ठेवाव्या. नेपोलियनानें सैन्यासाठीं बक्षीस लाविलें व आपेरनें तें जिंकलें, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती बरीच रंगविलेली दिसते. निश्चित एवढेंच कीं १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्याला १२,००० फ्रँक दिले, आणि अट घातली कीं कृति छापून लोकांस उपलब्ध करावी. त्यानें ती त्याच वर्षीं छापली. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्युरँड यानें तसल्याच कृतीचें पेटंट घेतलें; त्यांत कांचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचाहि उल्लेख होता. १८१३ मध्यें लंडनच्या बर्मंडसी भागांत पत्र्याच्या डब्यांचा कारखाना सुरू झाला. इकडे आपेरच्या मासी येथील कारखान्याची १८१४ सालीं शत्रुसैन्यानें पॅरिसवर चाल केली तेव्हां धूळधाण झाली. तो ९१ वर्षें जगला व दारिद्र्यांत मेला. ज्ञान लोकांना द्यावें व मालकी दुसऱ्यानें मिळवावी, हा प्रकार मला अद्यापि बोंचतो.

आपल्या कृतीनें पदार्थ कां टिकतो हें आपेरला ठाऊक नव्हतें. गे-ल्यूसाक या नामांकित रसायनशास्त्रज्ञानें त्याच्या बाटल्या तपासल्या, आंत प्राणवायु उरलेला नाहीं असें पाहिलें, आणि हवा नाहीं म्हणून नासणें नाहीं असा निष्कर्ष काढला. पाश्चरनें १८६० च्या सुमारास जंतूंचें कार्य सिद्ध करीपर्यंत शास्त्राची समजूत हीच होती, आणि घरोघरच्या गृहिणींची तर पुढेंहि पुष्कळ दिवस हीच राहिली : हवा हा शत्रु, झांकण हा पहारेकरी. या समजुतीनें पुढें माणसें मेलीं, म्हणून तिच्यावर थोडें थांबलों.

पहारेकरी चांगला मिळावा म्हणून जी खटपट झाली तिचा नायक जॉन लँडिस मेसन. हा अमेरिकेंतील पत्र्याचीं कामें करणारा तरुण कारागीर. त्यापूर्वीं घरगुती बरणीचें तोंड लाख ओतून बंद करीत. मळसूत्री तोंडाच्या बरण्या कोणी केल्या नव्हत्या असें नाहीं. पण फुंकनळीनें फुगविलेली बरणी नळीपासून तोडली कीं तिचा कांठ वांकडातिकडा राही व त्यावर झांकण नीट बसत नसे. मेसननें आटे असे बसविले कीं ते खांद्याच्या थोडें अगोदर संपावे. त्यामुळें झांकण वेड्यावांकड्या कांठावर न टेकतां खालीं सपाट खांद्यावर टेकलें. एवढीशी युक्ति, पण तिनें बागेंतलें पीक तळघरांत नेऊन ठेविलें. झांकण जस्ताचें होतें. जस्ताला आंबट पदार्थ लागून चव बिघडे, म्हणून १८६९ मध्यें लुई बॉइड यानें झांकणाच्या आंतून कांचेची चकती बसविण्याचें पेटंट घेतलें. मेसनच्या पेटंटाची मुदत १८७९ सालीं संपली. मग जो तो मेसनच्या बरण्या करूं लागला. बॉल बंधूंनीं १८८४ मध्यें बफेलो येथें त्या काढावयास आरंभ केला व पुढें इंडियानांतील मन्सी गांवीं मोठें साम्राज्य उभारलें. मेसन १९०२ सालीं न्यूयॉर्क येथें मेला, तो आपेरसारखाच निर्धन. त्याचें नांव आणि ती तारीख मात्र अनेक कारखानदारांनीं बरणीच्या पोटावर कित्येक दशकें तशीच उमटविली. तेव्हां १८५८ हा आंकडा बरणीचें वय सांगत नाहीं.

वय सांगतो कांठ. हातानें फुंकलेल्या बरणीचा कांठ तोडल्यावर घासून सारखा करीत. बोट फिरविलें तर तो खरखरीत लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्रें आलीं आणि कांठ गुळगुळीत झाला. भाचीनें बोट फिरवून कळविलें कीं नऊ बरण्या खरखरीत आहेत, दोन गुळगुळीत. म्हणजे नऊ यंत्रापूर्वींच्या, दोन त्यानंतरच्या.

आतां दुसरा प्रश्न. १८९५ च्या डिसेंबरांत बेल्जमांतील एलेझेल या खेड्यांत एका अंत्यविधीनंतर वाजंत्र्यांनीं डुकराच्या मांडीचें खारें मांस खाल्लें. कित्येक आजारी पडले व तिघे मेले. व्हान अर्मेंगेम या प्राध्यापकानें त्या मांसांत जो जंतु शोधला तो हवा नसेल तेथेंच वाढतो. त्याचे बीजाणु उकळत्या पाण्यानें मरत नाहींत. वाटाणा, घेवडा, मका, बटाटा यांसारखा आंबटपणा नसलेला पदार्थ नुसत्या उकळत्या पाण्यांत ठेवून घट्ट बंद केला, तर त्या जंतूसाठीं आपण निवांत खोलीच बांधून देतों. झांकण जितकें उत्तम तितकी खोली उत्तम! बरेंचदां वासहि येत नाहीं, रंगहि बदलत नाहीं. १९१९ मध्यें ओहायोंतील कँटन येथें बरणींतील ऑलिव्ह खाऊन सात माणसें दगावलीं. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर २०१५ सालीं त्याच प्रांतांत लँकेस्टर येथें चर्चच्या भोजनांत २९ जणांस ही बाधा झाली व त्यांतील एक स्त्री गेली. कारण, घरीं उकळत्या पाण्यानें भरलेले बटाटे. अशा पदार्थांस वाफेच्या दाबाखालीं ११६ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविणें अवश्य आहे, आणि तें त्यासाठींच केलेल्या मोठ्या पात्रांत. आपल्या घरच्या वरणभाताच्या कुकरांत नव्हे. टोमॅटो कुंपणावर बसलेला आहे. त्याचा आंबटपणा जातीजातींत कमीजास्त असतो, म्हणून पाइंटाच्या बरणीला एक मोठा चमचा बाटलींतील लिंबूरस घालावा असें सांगतात. ताज्या लिंबाचा नको, कारण त्याचा आंबटपणा सारखा नसतो.

बरणीविषयींचा नियम याच इतिहासांतून निघाला आहे. बरणी पुनःपुन्हां वापरावी, पण कांठावर टवका किंवा अंगावर तडा नसावा. अलेक्झांडर कर याच्या कारखान्यानें १९१५ मध्यें प्रचारांत आणलेली दुहेरी झांकणाची पद्धत आज अमेरिकेंत रूढ आहे : एक सपाट चकती व एक मळसूत्री कडें. कडें पुन्हां चालतें. चकती एकदांच, कारण तिच्या कडेचा मऊ लेप त्या एका कांठाचा ठसा घेऊन बसतो. १९७५ मध्यें तेथें चकत्यांची टंचाई पडली तेव्हां लाखों घरांत रिकाम्या बरण्या असून भाज्या परसांतच सडूं लागल्या, आणि प्रकरण कायदेमंडळाच्या चौकशीपर्यंत गेलें. जर्मन लोक यांत शहाणे निघाले. वेकच्या कारखान्याच्या (१९००) बरणीचें झांकण कांचेचेंच असतें, बदलावयाचें तें केवळ रबरी कडें. त्या भाषेंत त्याच्या नांवाचें क्रियापदच झालें आहे.

सॉस, जाम, हॉर्लिक्स यांच्या बाटल्या आपण टाकीत नाहीं, हें ठीकच आहे. मसाल्यास त्यांच्यासारखें भांडें नाहीं. पण त्यांची कांच बहुधा एका फेरीपुरती पातळ असते. मीं स्वतः अशा एका बाटलींत कढत टोमॅटोचा रस ओतला होता. बूड शाबूत राहून बाकीची बाटली हातांत आली व ओटा लाल झाला. घरांत त्या प्रसंगाचें नांव काढलेलें मला खपत नाहीं.

भाचीला मीं लिहिलें कीं खरखरीत कांठावर आजची चकती घट्ट बसणार नाहीं, आणि उरलेल्या दोन बरण्यांची कांच शंभर वर्षांची आहे. कढत पाण्यांत तिची परीक्षा पाहूं नये. तिनें टोमॅटोसाठीं नव्या बरण्या आणल्या. जुन्यांपैकीं एकींत तूरडाळ, एकींत मुगाची, आणि एकींत माझ्या बहिणीनें पाठविलेलीं आमसुलें आहेत; बाकीच्या आठ अजून खिडकींत रिकाम्या उभ्या आहेत.