सत्याकडून सांत्वनाकडे

‘सूदिंग’ हे विशेषण आता मराठी बोलण्यात चांगलेच रुळले आहे. दाह शमविणारे मलम ‘सूदिंग’, मन निवविणारे संगीतही ‘सूदिंग’. मात्र ज्या ‘सूद’ या इंग्रजी क्रियापदापासून ते आले, त्याचा मूळ अर्थ शांत करणे असा नव्हता. अर्थपरिवर्तन शिकवताना आम्ही हे उदाहरण आवर्जून घेतो.

प्राचीन इंग्रजीत ‘सोथ’ म्हणजे सत्य, आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ एखादी गोष्ट खरी असल्याचे दाखवून देणे. संस्कृतातील ‘सत्’ व ‘सत्य’ हे या ‘सोथ’चे सगोत्र होत, दोहोंचे मूळ ‘असणे’ या अर्थाच्या एकाच भारोपीय धातूत आहे. शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरला सावध करणारा ‘सूथसेयर’ म्हणजे शब्दशः सत्य सांगणारा.

सोळाव्या शतकात या क्रियापदाचा अर्थ घसरला. सत्य दाखवून देण्याऐवजी समोरच्याच्या प्रत्येक म्हणण्याला ‘खरे आहे’ म्हणत मान डोलावणे, त्याची री ओढणे, खुशामत करणे, अशा अर्थांनी ते वापरले जाऊ लागले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस शांत करण्याचा अर्थ आला. ज्याच्या मनासारखे बोलावे तो निवतो, हा या दोन अर्थांमधला दुवा. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही खुशामतीचा अर्थ नोंदलेला आहे.

शांत करण्यासाठी खरे सांगावेच लागते असे नाही, हे बाजारानेही ओळखले. १८४९ पासून अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाऊ लागले. दात येताना रडणारी बाळे त्याने झोपी जात, कारण त्यात मॉर्फिन होते. कित्येक बाळे त्यात दगावली. आया मात्र विश्वासाने ते पाजत राहिल्या. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने औषधातील मॉर्फिनचा उल्लेख बाटलीवर करणे बंधनकारक केले. १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हे सिरप बाळांचा जीव घेणाऱ्या औषधांत गणले.

कायद्याने त्या बाटलीवर लिहवून घेतले ते एका अर्थी ‘सोथ’च होते. सांत्वनाची थोरवी आम्हांला मान्य आहे. पण ज्या सांत्वनासाठी सत्य लपवावे लागते, ते नेमके कुणाच्या सोयीचे, हे विचारण्याचा हक्क रडणाऱ्या बाळाच्या आईला असलाच पाहिजे.