कोंबड्यांच्या छंदातून बियाण्यांची पेढी



घरोघरी कुणाला ना कुणाला काहीतरी नाद असतो. कुणी हौसेने गोधड्या शिवते, कुणी लोणची घालते, कुणी परसात जातिवंत कोंबड्या पाळतो. पूर्वी अशा हौसेचे कौतुक गल्लीपुरते, फार तर आठवड्याच्या बाजारापुरते होई. आता मोबाइलवर चित्र चढवले की साताऱ्याकडची गोधडी कोलकात्यात बसलेल्या माणसाला दिसते आणि तो घरबसल्या ती मागवतोही. ही सारी नव्या यंत्राची करामत, असे पुष्कळांना वाटते. पण कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला दुरून माल विकण्याची विद्या जुनी आहे. इंटरनेट नव्हते तेव्हा ती टपालावर चालत असे. हौशीचा धंदा झाला म्हणजे नेमके काय काय होते, हे त्या टपालाच्या काळात फार स्पष्ट दिसते. म्हणून आज एका अमेरिकन मुलाची हकिकत सांगतो.

मुलाचे नाव वॉशिंग्टन ॲटली बर्पी. जन्म १८५८ सालचा, कॅनडातला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी येऊन राहिले. वडील डॉक्टर, आणि मुलानेही डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलाचे लक्ष मात्र कोंबड्या, बदके आणि टर्की पक्षी यांच्यात. अंड्यांपुरत्या चार कोंबड्या पाळणे वेगळे आणि या मुलाचा नाद वेगळा. कोणत्या जातीचा तुरा कसा, पिसांचा रंग कसा उतरतो, कोणती कोणाशी लावली तर पिल्ले कशी निघतात, याचा त्याला ध्यास होता.

तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचे मोठे वेड पसरले होते. १८४९ साली बॉस्टन शहरात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले आणि लोक जातिवंत पक्ष्यांसाठी वाटेल ती किंमत मोजू लागले. त्यातल्या दोन जातींची नावे आपल्या ओळखीची वाटतील: एक 'ब्रह्मा' आणि दुसरी 'कोचीन'. मौज अशी की ब्रह्मा हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडले, पण पक्षी आले चीनच्या शांघाय बंदरातून. कोचीनचाही केरळातल्या कोचीशी काही संबंध नाही, तीही चिनीच. दुरून येणाऱ्या मालाला भारदस्त नाव देण्याची युक्ती काही आजची नव्हे!

तर हा बर्पी. शाळकरी वयातच तो ठिकठिकाणच्या जाणकारांना पत्रे लिही, त्यांची उत्तरे येत, आणि कुक्कुटपालनाच्या नियतकालिकांत त्याचे लेखही छापून येत. मला तर वाटते, कोंबड्यांच्या नादापेक्षा ही पत्रांची सवय त्याच्या अधिक उपयोगी पडली. दुकान काढण्याआधीच त्याचे नाव गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पोचले होते. हा मनुष्य जाणता आहे, विचारले तर नीट उत्तर देतो, एवढे लोकांना ठाऊक झाले होते.

वडिलांच्या समाधानासाठी त्याने पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेऊन पाहिले, पण ते अर्ध्यावर सोडले. १८७६ साली, वय वर्षे अठरा, आईकडून हजार डॉलर उसने घेऊन त्याने राहत्या घरातून टपालाच्या मागणीवर जातिवंत कोंबड्या विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे फिलाडेल्फियात दुकानही थाटले. दुकानात पक्षी होते आणि पक्ष्यांसाठी मक्याचे बी होते.

आणि येथे गोष्टीला वळण लागले. दूरदूरच्या शेतकऱ्यांची पत्रे येऊ लागली. कोंबड्या मिळाल्या, छान आहेत. आता कोबीचे चांगले बी मिळेल का? गाजराचे? काकडीचे? देशाच्या पूर्व भागातून उठून नव्या मुलखात वस्तीला गेलेली ही माणसे. घरची ओळखीची भाजी तिकडे पिकवायची तर बी कोठून आणणार? ज्याच्यावर एकदा भरवसा बसला, त्यालाच ती विचारू लागली.

आता विचार करा, नाद कोंबड्यांचा आणि मागणी बियाण्यांची. हौशी माणूस येथे अडून बसतो. "माझे काम हे नव्हे," म्हणतो. बर्पीने १८७८ साली स्वतःच्या नावाची पेढी काढली आणि ती मुख्यतः बियाण्यांची काढली. कोंबड्या त्याने टाकल्या नाहीत. त्याच्या पेढीच्या सूचिपत्रात त्या १९४० नंतरच्या दशकापर्यंत होत्या. पण त्या मागच्या पानांवर गेल्या.

याला व्यवहाराची बाजूही होती. जिवंत कोंबडी दूर धाडायची म्हणजे रेल्वेचे भाडे, पेटारा, वाटेतले दाणापाणी, आणि पोचेपर्यंत जिवाची धाकधूक. अमेरिकेच्या टपालात तेव्हा चार पौंडांहून जड पुडके घेतच नसत. मोठी पार्सले १९१३ पासून जाऊ लागली. बियाण्याचे तसे नाही. चिमूटभर बी कागदाच्या पुडीत घातले की पाकिटातून कुठेही जाते. नासत नाही, ओरडत नाही, वाटेत मरत नाही. आपली कोणती वस्तू दुरून विकण्याजोगी आहे, हा प्रश्न आजही आधी वजनाचा आणि टिकण्याचा असतो, सुंदरतेचा नंतर.

परंतु बियाण्यात एक मोठी मेख आहे, आणि ती तुम्हां शेतकऱ्यांना मी सांगायला नको. वाईट कोंबडी दारात उतरली की कळते. वाईट बी कळते ते पेरणी गेल्यावर, वाफसा निघून गेल्यावर. पुडीचे चार पैसे जातात त्याचे काही नाही. पण हंगाम जातो, तो परत कोण देणार? त्यातून अमेरिकेच्या टपालात माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय १९१३ पर्यंत नव्हती. पत्रासोबत आधी पैसे पाठवायचे आणि मग वाट पाहायची. शिवाय सरकारच बी फुकट वाटत होते! १८३९ पासून पुढे चांगली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे तिथल्या लोकप्रतिनिधींकडून मतदारांना बियाण्यांच्या फुकट पुड्या जात. जी वस्तू फुकट घरी येते ती पैसे मोजून लोकांनी का घ्यावी?

बर्पीने याला उत्तर दिले ते जमिनीवर. १८८८ साली त्याने डॉयल्सटाउन गावाजवळ 'फोर्डहूक' नावाची शेती घेतली आणि तिथे बियाण्यांची प्रत्यक्ष पेरून परीक्षा सुरू केली. उन्हाळ्यात तो युरोपभर हिंडे, नवनवीन वाण गोळा करी, ते आपल्या रानात लावून पाही, आणि जे उतरेल तेच सूचिपत्रात घाली. 'आइसबर्ग' नावाचा घट्ट गड्ड्याचा सॅलड १८९४ साली त्यानेच बाजारात आणला; आज तो आपल्याकडच्या शहरी हॉटेलांतही दिसतो.

मक्याची हकिकत तर ऐकण्याजोगी आहे. पिवळा मका जनावरांचा आणि पांढरा माणसांचा, अशी तेव्हा अमेरिकनांची पक्की समजूत. मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या ग्रीनफील्ड गावी विल्यम चेंबर्स नावाचा एक शेतकरी आपल्यापुरता पिवळा गोड मका लावी. शेजारीपाजारी त्याची गोडी वाखाणत, पण तो गावाबाहेर गेला नव्हता. त्याच्या माघारी ते थोडेसे बी बर्पीच्या हाती आले. १९०२ साली त्याने ते 'गोल्डन बँटम' या नावाने विकायला काढले आणि लोक पिवळा मका आवडीने खाऊ लागले. आणि हे 'बँटम' म्हणजे काय? बुटक्या जातीची कोंबडी. कोंबड्यांचा जुना नाद मक्याच्या नावात असा डोकावला म्हणायचा.

१८९६ पासून अमेरिकेत खेडोपाडी दारापर्यंत टपाल पोचवण्याचे प्रयोग सुरू झाले आणि १९०२ साली ती व्यवस्था कायम झाली. तोवर शेतकऱ्याला पत्रासाठी गावच्या टपालकचेरीत खेटे घालावे लागत. दारी टपाल आले तसे सूचिपत्रही दारी आले. १९१५ साली बर्पी वारला, तेव्हा पेढीची सूचिपत्रे वर्षाला दहा लाखांच्या घरात जात होती.

शिक्षकांसाठी याच काळातले आणखी एक नाव सांगून ठेवतो. मार्बलहेड गावचा जेम्स ग्रेगरी हा शाळामास्तर. एका शेतकी पत्रात कुणीतरी चांगल्या भोपळ्याची चौकशी केली होती, त्याला याने आपल्या घरचे बी धाडले. ते बी गावातल्या हबर्ड आडनावाच्या बाईंकडून आलेले, म्हणून भोपळ्याचे नाव पडले 'हबर्ड'. मागण्या वाढत गेल्या आणि मास्तर बियाण्यांचा व्यापारी झाला. याच ग्रेगरीने १८७५ साली ल्यूथर बरबँक या तरुणाकडून बटाट्याचा नवा वाण दीडशे डॉलरला घेतला, आणि तो पुढे फार गाजला.

आता आपल्याकडे पाहा. १८५४ साली अर्ध्या आण्याचे पत्र देशभर जाऊ लागले. १८७७ साली व्ही. पी. आली आणि १८८० साली मनिऑर्डर. म्हणजे पुडके दारात आले की पोस्टमनच्या हाती पैसे ठेवून ते सोडवून घ्यायचे, ही सोय आपल्या टपालात अमेरिकेच्या छत्तीस वर्षे आधी झाली. आज 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतात ती दुसरे काय आहे? आपले आजोबा "व्ही. पी. सोडवली" म्हणत, नातू "ऑर्डर आली" म्हणतो. मात्र आज बर्पीप्रमाणे उठून बी विकता येणार नाही. त्याला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो, आणि लोणची-पापडांना २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. हे जाचक वाटते खरे, पण वाया गेलेला हंगाम ज्याने पाहिला आहे तो असल्या नियमांना फारशी नावे ठेवणार नाही.

बर्पीच्या माघारी मुलगा डेव्हिड याने पेढी सांभाळली. त्याला झेंडूचे वेड होते. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, दसऱ्याला आपण तोरणात ओवतो तोच. तो पिवळा असतो, नारिंगी असतो, पण पांढराशुभ्र झेंडू कुणी पाहिला नव्हता. १९५४ साली डेव्हिडने जाहीर केले, पांढऱ्या झेंडूचे बी जो आणील त्याला दहा हजार डॉलर. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे काम म्हणावे असे हे. पण घरच्या बागेत हौसेने फुले लावणारी साधी माणसे दरवर्षी सर्वांत फिकट फुलाचे बी राखीत, पुन्हा पेरीत आणि टपालाने पेढीकडे धाडीत. एकवीस वर्षे कुणालाच बक्षीस मिळाले नाही. शेवटी १९७५ साली ते मिळाले आयोवा राज्यातल्या एका वृद्ध बाईंना. त्यांनी ना दुकान काढले होते, ना सूचिपत्र. वर्षानुवर्षे त्या आपल्या बागेत वाफा करीत आल्या होत्या, एवढेच.