तगाई, खडी आणि सातबारा

आज सांगली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्याचाच होता, उरलेला संस्थानी. या प्रदेशांत निसर्गाची वांटणी मोठी विलक्षण आहे. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं दोनशें इंचांवर पाऊस कोसळतो, तर माण तालुक्यास वीस इंचही धड लाभत नाहीं. म्हणून येथील शेतकऱ्यास कधीं अवर्षणांत तर कधीं पुरांत सरकारकडे पाहावें लागलें. ती मदत कोणत्या मापानें मोजली गेली, हें पाहण्यासारखें आहे.

शिवकाळीं हें माप बैलाचें व बियाण्याचें होतें. १६७६ सालीं शिवछत्रपतींनीं कोंकणांतील प्रभावळीच्या सुभेदारास पाठविलेल्या पत्रांत, बैल नसेल त्यास बैल व खावयास नसेल त्यास धान्य द्यावें, आणि तो सावरल्यावर केवळ मुद्दल घ्यावें, अशी आज्ञा आहे. आम्हांस या पत्रांत औदार्याइतकाच हिशेबीपणा दिसतो: पडीक जमीन राज्यास कांहीं देत नाहीं.

१८७६ च्या दुष्काळांत माप बदललें. इंग्रज सरकारनें मदत दिली ती अंगमेहनतीच्या मोबदल्यांत. माण नदीवरील म्हसवडचा तलाव अशाच कामांतून उभा राहिला. १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुराचा शिधा दिवसास एक रत्तल धान्यावर आणला. उपाशी माणूस किती कमींत जगतो, याचाच जणूं हा प्रयोग! मुंबई इलाख्यांतील मजूर कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची कैफियत मांडली. पुढें १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाईस पक्कें रूप आलें. परंतु थकलेली तगाई साऱ्याच्या थकबाकीप्रमाणें वसूल होई. ज्यास तारण नाहीं त्याच्या वाट्यास खडीच.

या खडी फोडण्यास हक्काचें रूप देण्याची कल्पना याच मातींत निघाली. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे तासगांव तालुक्यांतील विसापूरचे. १९६५ सालीं तेथें त्यांच्या योजनेचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळांत ती कसाला लागली, आणि १९७७ त रोजगार हमीचा कायदा झाला. टेंपलसाहेबांच्या मजुरास दया मागावी लागे. यास काम मागतां येऊं लागलें. खर्चासाठीं शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तो आमच्याही पगारांतून कापला जातो, आणि ही एक कपात आम्हांस कधीं जाचली नाहीं.

२०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलाशीं कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. या वेळीं माप होतें हेक्टराचें. आपत्ति निधीचा तेव्हांचा दर जिरायतीस हेक्टरीं ६,८०० व बागायतीस १३,५०० रुपये, मर्यादा दोन हेक्टरांची. राज्यानें त्यावर कांहीं भर घातली. ही रक्कम परत करावयाची नसते. तगाईच्या मानानें ही सुधारणा मोठी आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र हेक्टर मोजला जातो तो सातबाऱ्यावरील नांवानें.

त्या पुरानंतर पलूसकडे आम्हांस एक वाटेकरी भेटला. पंचनाम्याच्या दिवशीं चिखलांत उतरून कुजलेला ऊस त्यानेंच दाखविला होता. पैसे मुंबईस राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जमा झाले. “मालक भला माणूस,” तो म्हणाला, “निम्मे धाडले त्यांनी. नसते धाडले, तर कुणाला विचारणार होतो?”