प्रशिक्षकाचे मौन आणि वार्ताहराची वही

मदन महल हे नाव मुळात गोंड राजा मदनशहाच्या टेकडीवरील गढीचे, परंतु आज जबलपूरकर ते नाव घेतात तेव्हा त्यांच्या मनात त्या भागातील वस्ती आणि त्याच नावाचे रेल्वे स्थानकही असते. हा प्रदेश १७८१ पासून १८१७ पर्यंत मराठ्यांच्या अमलाखाली होता, पुढे मध्य प्रांताचा भाग म्हणून नागपूरच्या राजधानीशी जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तसाच राहिला. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर जबलपूरची महाविद्यालये त्याला संलग्न झाली आणि १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघेपर्यंत येथील विद्यार्थ्यांच्या परीक्षाच नव्हेत, तर त्यांचे आंतरमहाविद्यालयीन सामनेही नागपूरच्याच वर्तुळात मोडत. या वर्तुळातील मैदानांवर खेळ शिकवणारा माणूस नेहमी हजर असला, तरी वर्तमानपत्राच्या पानावर तो स्वतःच्या शब्दांत क्वचितच बोलतो, आणि या गैरहजेरीची कारणे त्याच्या स्वभावापेक्षा अन्यत्र शोधणे अधिक फलदायी ठरते.

या माणसाला काळानुसार वेगवेगळी नावे मिळत गेली. आखाड्यातला तो वस्ताद, शाळेतला ड्रिल मास्तर, महाविद्यालयातला फिजिकल इन्स्ट्रक्टर, मध्य प्रदेशाच्या सरकारी भाषेत क्रीडा अधिकारी, आणि अगदी अलीकडे कोच किंवा प्रशिक्षक. बास्केटबॉल या खेळाबरोबर आलेली कल्पना मात्र या सर्वांहून निराळी होती. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत हा खेळ रचला आणि त्याच संस्थेच्या जाळ्यातून तो भारतात आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले, तर १९३४ मध्ये दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खेळ आला, नियम आले, परंतु अमेरिकेत त्या खेळाभोवती उभी राहिलेली सार्वजनिक व्यवस्था बरोबर आली नाही.

ती व्यवस्था अशी की, तेथील विद्यापीठाचा बास्केटबॉल प्रशिक्षक हा संस्थेचा सर्वांत परिचित चेहरा असतो आणि सामन्यानंतर वार्ताहरांसमोर बसून उत्तरे देणे हा त्याच्या कामाचाच भाग समजला जातो. त्याचा संताप साहजिकच चव्हाट्यावर येतो. इंडियाना विद्यापीठाच्या बॉब नाइट यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात पंचांवर चिडून लाल खुर्ची मैदानात भिरकावली, तर टेम्पल विद्यापीठाचे जॉन चेनी फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रतिस्पर्धी प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्या पत्रकार परिषदेत घुसले आणि वार्ताहरांच्या देखत त्यांनी जिवे मारण्याची धमकी दिली. चेनींना एका सामन्यासाठी निलंबित करण्यात आले, नाइट यांना सन २००० मध्ये इंडियानाने काढून टाकले. या दोन्ही प्रसंगांत उर्मटपणाइतकीच लक्षणीय गोष्ट म्हणजे प्रशिक्षकाचे वर्तन पाहायला कॅमेरे आणि वार्ताहर तेथे आधीपासून, रीतीप्रमाणे, हजर होते.

भारतात ही रीत पडली नाही, आणि त्याचे श्रेय सामान्यतः गुरुपरंपरेला दिले जाते. वस्ताद अबोल असतो, तालमीतले तालमीत ठेवतो, असे म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु या मौनाला एक अगदी रुक्ष, कागदी आधारही आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. १९५३ ची राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची प्रशिक्षण योजना आणि १९६१ साली पतियाळा येथे निघालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था यांमुळे प्रशिक्षक हा पदविकाधारक नोकरदार झाला, आणि त्याची नोकरी बहुधा सरकारची, रेल्वेची, सैन्याची किंवा अनुदानित महाविद्यालयाची असे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधील आठवा नियम सरकारी नोकराच्या वृत्तपत्रांशी असलेल्या संबंधांवर पूर्वपरवानगीचे बंधन घालतो, तर नववा नियम शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई करतो. रेल्वेसाठी १९६६ चे आणि मध्य प्रदेश शासनाच्या नोकरांसाठी १९६५ चे नियम याच धर्तीचे आहेत. १ एप्रिल २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. म्हणजे मदन महल स्थानकाच्या तिकीट कारकुनाला जे नियम लागू, तेच त्या रेल्वेच्या संघाला शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही लागू. निवड चुकली, मैदान खराब होते, प्रवासभत्ता वेळेवर मिळाला नाही, यांपैकी कोणतेही वाक्य वार्ताहराच्या वहीत उतरले तर ते वरिष्ठांवरील टीका ठरू शकते, हे त्या माणसाला पुरते ठाऊक असते.

मग बोलत कोण असे? क्रिकेटमध्ये हे काम दौऱ्यावरील व्यवस्थापकाचे, म्हणजे मॅनेजरचे होते, आणि तो मंडळाचा प्रतिनिधी असे, खेळाचा शिक्षक असेलच असे नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार आणि मॅनेजर मेजर ब्रिटन-जोन्स यांनी लाला अमरनाथ यांना शिस्तभंगाच्या कारणावरून पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी पाठवले, आणि पुढे बोमाँट समितीने अमरनाथ यांना दोषमुक्त ठरवले. १९७१ च्या विजयी इंग्लंड दौऱ्याचे मॅनेजर लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी स्वतः कसोटीपटू होते, त्यामुळे त्यांच्यात शिक्षक, शिस्तपाल आणि प्रवक्ता ही तिन्ही कामे एकवटली. तसा माणूस सापडणे मात्र योगायोगाचेच म्हणायचे.

मराठी वृत्तपत्रांच्या बाजूने पाहता, १९६२ साली निघालेल्या महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकर यांनी खेळाला स्वतःचे पान मिळवून दिले आणि खो-खो, कबड्डी, कुस्ती यांचीही गांभीर्याने दखल घेतली. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे मराठी प्रशिक्षक होते, तरीही भागवतांचे नाव आज किती वाचकांना सांगता येईल, हा प्रश्नच आहे. याउलट रमाकांत आचरेकर यांचे नाव घरोघरी पोचले, परंतु ते त्यांच्या मुलाखतींमुळे नव्हे. स्टेट बँकेत नोकरी करून शिवाजी पार्कवर मुलांना घडवणाऱ्या या शिक्षकाचे जवळपास सारे बोलणे शिष्यांच्या तोंडून छापले गेले. यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे वाचकांना माहीत आहे, कारण ते तेंडुलकरने सांगितले, आणि सरांनी कधी ‘छान खेळलास’ म्हटले नाही हेही त्यानेच १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात सांगितले.

१९९० पासून हे चित्र पालटू लागले. त्या वर्षी न्यूझीलंडमधील पराभवानंतर मॅनेजर बिशनसिंग बेदी यांनी साऱ्या संघाला पॅसिफिक महासागरात बुडवावे असे म्हटले आणि वार्ताहरांना मॅनेजरच एक बातमी म्हणून हाती लागला. पुढचे मॅनेजर अजित वाडेकर यांनी १९९२ ते १९९६ या काळात अशी वेळ फारशी येऊ दिली नाही. प्रशिक्षक ग्रेग चॅपल यांचा क्रिकेट मंडळाला लिहिलेला ई-मेल मात्र सप्टेंबर २००५ मध्ये वृत्तपत्रात फुटला आणि प्रशिक्षकाचे खासगी मतही सार्वजनिक झाले. त्यांच्यामागून आलेले गॅरी कर्स्टन आणि डंकन फ्लेचर बोलण्याच्या बाबतीत हात आखडूनच राहिले, ते उगाच नव्हे.

मध्य प्रदेशाला या बदलाचा अनुभव एका मराठी माणसामुळे आला. आचरेकरांचेच शिष्य असलेले चंद्रकांत पंडित १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावरील रणजी अंतिम सामना पहिल्या डावातील आघाडी मिळवूनही कर्नाटकाकडून हरले. विदर्भाला लागोपाठ दोनदा अजिंक्यपद मिळवून दिल्यानंतर ते मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले आणि २६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर मुंबईला सहा गडी राखून हरवले, तेव्हा कडक शिस्तीसाठी ओळखला जाणारा हा माणूस मैदानातच रडू लागला आणि मग वार्ताहरांशी तेवीस वर्षांपूर्वी तेथेच राहून गेलेल्या गोष्टीविषयी मोकळेपणाने बोलला. पंडित करारावर नेमलेले व्यावसायिक होते, वर्तणूक नियमांखालचे नोकर नव्हते. पुढे आयपीएलमधील त्यांच्या शिस्तीवर परदेशी खेळाडू डेव्हिड वीझे याने जाहीर टीका केली, तीही याच मोकळ्या व्यवहाराचा भाग होती.

महाविद्यालयीन मैदानावर हा मोकळेपणा अजून उतरलेला नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेतून संघ पदक घेऊन परततो, तेव्हा वृत्तपत्र कार्यालयात जी ‘विज्ञप्ति’, म्हणजे प्रसिद्धिपत्रक पोचते, तिच्यात कुलगुरूंनी आणि कुलसचिवांनी केलेले अभिनंदन प्रथम येते, मग खेळाडूंची यादी येते, आणि प्रशिक्षकाचे नाव शेवटच्या ओळीत, व्यवस्थापकाच्या नावाला ‘एवं’ने जोडलेले असते.